एका गोणीचा हिशेब

गेल्या दिवाळीनंतर बैलजोडी विकली. गुडघे साथ देईनात आणि सालदार मिळेना. बैल गेले तसा घरचा उकिरडाही आटला. आता मक्यासाठी शेणखत ट्रॉलीने विकत आणतो, आणि तेव्हापासून युरियाचा माझा जुना हिशेब जुळेनासा झालाय.

आमच्या भोकरदन-सिल्लोड पट्ट्यात शिफारस सगळ्यांना तोंडपाठ आहे: हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र-स्फुरद-पालाश, नत्र तीन हप्त्यांत, सोबत १०-१२ टन शेणखत. शेणखत घातल्यावर युरिया किती कमी करायचा, इथे सगळ्यांची गाडी अडते.

चांगल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. एकरी ४ टन घातलं तर २० किलो. पहिल्या हंगामात त्यातलं पिकाला मिळतं ते फार तर तिसरा हिस्सा. युरियात मोजलं तर १५ किलो, म्हणजे गोणीचा तिसरा भाग. (गोणीही २०१८ पासून ५० ची ४५ किलोवर आलीय.) तरी मी वर्षानुवर्षं अख्खी गोणी कमी टाकत आलो आणि कणसं शेंड्यापर्यंत भरत आली. वडिलांच्या काळापासून दरवर्षी पडलेल्या खताची शिल्लक त्या वावरात होती, ती पीक वापरत होतं. श्रेय मात्र मी घेतलं. बांधावर कुणी ‘काका, गोण्या किती?’ विचारलं की मुद्दाम थांबून, कमीच आकडा सांगायचा.

पुतण्याने यंदा शेजारचं वावर बटाईने केलं. तिथे कित्येक वर्षं शेणाची पाटी पडली नव्हती. त्याने माझाच आकडा धरला आणि खत घातलं ते अर्धकच्चं, काडीकचऱ्याचं. मका गुडघ्याला लागायच्या आत खालची पानं पिवळी पडली, टोकाकडून मधल्या शिरेने आत. कडा हिरव्या होत्या, म्हणजे पालाशचं दुखणं नव्हतं, नत्राचीच भूक. काडी कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र लागतं आणि पहिल्या पंगतीला तेच बसतात. अशा खतावर पेरणीचा नत्राचा हप्ता कमी करायचा नसतो, उलट वाढवावा लागतो. शिवाय हुमणी आणि तणाचं बी फुकट येतं ते वेगळंच.

पण किती वाढवायचा? इथेच मी अजून घुटमळतो. माती परीक्षणाचा कागद सेंद्रिय कर्ब सांगतो, त्यातलं नत्र कोणत्या पावसाला सुटेल ते सांगत नाही. पाऊस लांबला की खत तसंच पडून राहतं. मग पाऊस पडून उघडीप मिळाली, ऊन-ओल जमली की एकदम जागं होतं, तोवर आपण घाबरून युरिया फेकलेला असतो. दुसरा हप्ता मी पानाच्या रंगावर ठरवत आलो. आता हिरव्या-हिरव्यातला फरक डोळ्यांना नीट कळत नाही. पुतण्याने पानाच्या रंगाचा तक्ता आणलाय. लोकांसमोर तो हातात धरायची मला लाज वाटते.

दुकानदाराचं सोपं असतं, पिवळं पान दाखवलं की तो टॉनिकची बाटली काढतो. नुसत्या शेणावर हायब्रिड मका पिकवायची भाषणंही ऐकली. टनभर दाण्यामागे हे पीक २० किलोच्या वर नत्र उचलतं. ते कुठून येणार, हे भाषणात येत नाही. पूर्वी धनगरांची मेंढरं वावरात बसवायचो, लेंडीखताला तोड नव्हती. तेही आता कमी झालं. आणि रस्त्याकडेचा काळाभोर मका पाहून भुलू नका. त्या चार ओळींना मीही मूठ सैल सोडतो, कारण येणारे-जाणारे तेवढंच बघतात.

ट्रॉली घेणार असाल तर भाव नंतर ठरवा, आधी ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं किंवा नाकाला झोंबलं, तर तो माल यंदाच्या मक्याला घालू नका.