ट्रॉयची न्याहारी

ट्रॉय म्हटले की आम्हां वाङ्मयाच्या मास्तरांच्या डोळ्यांपुढे पोटात सैनिक दडवलेला तो लाकडी घोडा उभा राहतो. परंतु २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत मी ज्या ट्रॉयला जाऊन आलो, ते न्यूयॉर्क राज्यातले, हडसन नदीच्या काठचे लाल विटांचे एक शहर. तेथे घोडा नाही. माझा थोरला भाऊ आणि वहिनी आहेत.

शहर जुने. टेकडीवर १८२४ साली स्थापन झालेली रेन्सेलर पॉलिटेक्निक ही नामांकित संस्था. खाली एकेकाळी शर्टाच्या सुट्या कॉलरी करणारे कारखाने होते, म्हणून याला ‘कॉलर सिटी’ म्हणत. पण आल्बनीच्या स्थानकावरून मला घरी नेताना दादाने सांगितली ती निराळीच कीर्ती. कॉर्नेलियस स्वार्टवाउट नावाच्या ट्रॉयच्याच एका गृहस्थाने २४ ऑगस्ट १८६९ रोजी चुलीवर ठेवायच्या वॉफलच्या साच्याचे पेटंट घेतले. त्यापायी २४ ऑगस्ट हा अमेरिकेत वॉफलचा दिवस मानतात! हेन्री हडसन १६०९ साली डचांच्या चाकरीत या नदीतून वर आला. मागून आलेल्या डच वसाहतवाल्यांबरोबर वॉफल या मुलखात रुजले. शब्दही मूळचा त्यांचाच.

वॉफल म्हणजे काय, हे आता आपल्याकडच्या मुलांना सांगावे लागत नाही, आजीआजोबांसाठी सांगतो. खणाखणांच्या दोन तव्यांमध्ये दाबून भाजलेले, वरून खुसखुशीत आणि आतून मऊ असे जाडजूड घावन म्हणा ना! त्यावर लोणी आणि मेपलच्या झाडाचा पाक.

दादाच्या घरी गेली पंचवीस वर्षे रविवारची न्याहारी हीच. पण मी गेलो त्या पहिल्या रविवारी टेबलावर एक गंमत दिसली. पुढे ती गंमत राहिली नाही. मला, वहिनींना आणि पुतणीला गरम वॉफले, आणि दादापुढे ओट्सची पांढरी पेज. आदल्या वर्षी त्याला मधुमेह निघाला होता. त्याने वर्तमानपत्र तोंडापुढे धरले, चार घासांत वाटी संपवली आणि “झाडांना पाणी घालतो” म्हणून तो बाहेर गेला. रात्री पाऊस पडून गेला होता.

मला आमच्या वाड्यातले अण्णा आठवले. त्यांनाही हेच दुखणे. सणावारी आई त्यांचे पथ्याचे ताट आधी वाढी. ते एकटेच जेवत आणि ओटीवर जाऊन बसत. नंतर आम्हां मुलांची पुरणपोळीची पंगत. अण्णांना गोडाची आवड नाही, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती.

वहिनींना मी हे सांगितले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, शनिवारी बाजाराला चला माझ्याबरोबर.”

ट्रॉयचा शनिवारचा बाजार पाहण्यासारखा. नदीजवळच्या रस्त्यांवर आसपासचे शेतकरी आपापला माल मांडून बसतात. जूनचे दिवस, तेव्हा स्ट्रॉबेरीच्या राशी लागलेल्या. एकाकडे मेपलचा पाक होता. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक होतो, आणि त्या पाकाच्या एका मोठ्या चमच्यात १२ ग्रॅमच्या आसपास साखर असते. दादा तो पळीपळीने ओतीत असे!

रविवारी मैद्याला रजा दिली. १ कप कणीक, अर्धा कप दळलेले ओट्स, १ लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, मीठ आणि वेलदोड्याची पूड. त्यात २ अंडी, दीड कप ताक आणि ३ मोठे चमचे तेल. साखर मुळीच नाही. ताकाच्या आंबटपणाने सोडा फसफसतो आणि पीठ हलके होते. कणकेत आणि ओट्समध्ये चोथा असल्यामुळे साखर रक्तात जरा सावकाश चढते. अर्थात कणीक झाली तरी पिष्टच. माप सोडून चालत नाही.

पहिले वॉफल साच्याला असे चिकटले की वरचे अर्धे वर आणि खालचे अर्धे खाली! “घावनाचं पीठ भिजू देतात, तसं करा,” मी सुचवले. साच्याला तेलाचा हात फिरवला आणि पंधरा मिनिटे थांबलो. दुसरे वॉफल, वाफ येणे थांबल्यावर उघडले, ते अखंड निघाले. वर घट्ट दही, चिरलेल्या स्ट्रॉबेऱ्या, आणि पाक लहान चमच्याने एकच.

“हे कोणाचं?” दादाने विचारले.

“सगळ्यांचं,” वहिनी म्हणाल्या. “आज दुसरं काही केलेलं नाही.”

“हे वॉफल नाही, थालीपीठ आहे,” पुतणीने निकाल दिला; पण दुसरेही मागून घेतले. दादाने एक खाल्ले. वर्तमानपत्र त्या दिवशी घडीतच राहिले.

“अण्णा ओटीवर का बसायचे, ठाऊक आहे तुला?” त्याने एकाएकी मला विचारले. “मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, आत पुरणाचा वास येतो रे.”

कोणी काही बोलले नाही. वहिनींनी त्याच्या बशीत आणखी चार स्ट्रॉबेऱ्या घातल्या.

दोन तासांनी दादाने बोट टोचून यंत्रावरचा आकडा पाहिला. तो डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेत होता. त्याने यंत्र वहिनींपुढे धरले आणि शाळकरी मुलाने प्रगतिपुस्तक दाखवावे तसा उभा राहिला.

“पुढच्या रविवारी पण हेच ना?” तो म्हणाला.