पप्पांनी सांगितलीय

दुकानात नवा पोरगा कामाला लागला की मी त्याला दारातल्या फलकाकडे बोट दाखवायचो. 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे दंडनीय गुन्हा आहे.' वाचलंस? वाचलं. झालं प्रशिक्षण!

पोरं वाचायची आणि विकायची. कारण गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाता कामा नये, हा दुसरा धडा त्यांना माझ्याकडून उठता-बसता मिळत होता. गल्लीतली शाळकरी पोरं यायची, "काका, पप्पांनी तंबाखूची पुडी सांगितलीय, वहीत लिहा." मी स्वतः पुडी काढून द्यायचो. रोजच्या घराला नाही कसं म्हणायचं? कायद्यात मात्र 'पप्पांसाठी' अशी सवलत नाही. उलट, गिऱ्हाईक सज्ञान असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावरच. २००३च्या तंबाखू कायद्यात दंड दोनशे रुपयांपर्यंत, म्हणून मीही निवांत होतो. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ एका ओळखीच्या वकिलानं वाचून दाखवलं, तेव्हा घाम फुटला. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड! खरं सांगतो, मला जाग आली ती भीतीनं. पोरांच्या काळजीनं नव्हे.

वर, गल्ल्यावर बसवलेला मुलगाच सतरा वर्षांचा. नियमाप्रमाणे त्यानं तंबाखू हाताळायचीसुद्धा नाही. त्याला धान्याकडे हलवलं. त्याच्या जागी येणाऱ्याची जन्मतारीख आता आधी बघतो.

फलक वाचून घेणं बंद केलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना मीच शाळकरी पोर होतो, हट्ट करतो, "पप्पा ओरडतील" म्हणून रडतो, आणि कामावरच्या पोरानं मला परत पाठवायचं. पहिल्यांदा तो हसला आणि पुडी देऊन मोकळा झाला. मग वाक्य ठरवलं: "पप्पांना यायला सांग, त्यांच्याच हातात देतो." उपदेश नाही, चारचौघांत पाणउतारा नाही. समोरचा मिसरूड फुटलेला असेल आणि शंका आली, तर आधार कार्ड मागायचं. पुड्यांची बरणी समोरून उचलून मागच्या फळीवर ठेवली. आणि नकारामुळे कुणी भांडायला आलं, तर बोलणी मी खायची, हे सगळ्यांसमोर कबूल केलं. त्यानंतरच पोरं नाही म्हणायला धजावली.

एका घरानं रागानं वही बंद केली नि समोरच्या दुकानात खातं उघडलं. आमची उधारी अजून यायची आहे.