सात की साठ

देवगड तालुक्यात वाघोटण खाडीच्या काठी आमचं गाव. तिथे रेडिओ माठात ठेवायची पद्धत होती. म्हणजे रेडिओ नव्हे, त्याचा स्पीकर. जुन्या सेटमधला स्पीकर सोडवायचा, वायर लांबवायची आणि माठाच्या तोंडावर तो उपडा बसवायचा. आतली हवा घुमायला लागली की तबला, ढोलक, खालचे सगळे आवाज भरून येत. बुधवारी रात्री सिलोनवरून गीतमाला लागली की वाडीत तीन-चार माठ एकदम गायला लागत. पाणी प्यायचा माठ या कामाला पळवला म्हणून आमच्या घरात दोन दिवस अबोला झाला होता.

तारमास्तरांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. ते तारखात्यातून निवृत्त होऊन गावी आलेले. जन्म कडकट्ट ऐकण्यात गेलेला, त्यामुळे निवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसेनात. रीतसर परीक्षा देऊन त्यांनी हौशी वायरलेसचा परवाना काढला होता. परसात दोन माडांच्या मध्ये तांब्याची तार ताणलेली आणि पडवीतल्या टेबलावर घरीच जुळवलेला सेट. भल्या पहाटे ते ४० मीटरवर कुणाकुणाशी बोलत बसत. लोकांना वाटे, म्हातारा एकटाच बडबडतो.

"गाण्याला माठ ठीक आहे रे," मास्तर म्हणत, "पण बातम्या माठात घातल्या की त्यांचं पिठलं होतं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. माठ नेमका खालचा आवाज फुगवतो, आणि माणसाचं बोलणं कळायला तोच सगळ्यात कमी लागतो. शब्द कळतो तो साधारण ३०० ते ३००० हर्ट्‌झ एवढ्या पट्ट्यात. टेलिफोनवालेसुद्धा जवळपास तेवढ्यातच भागवायचे. शॉर्टवेव्हवर मात्र या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कचरा असतो. खाली विजेच्या तारांची गुरगुर, आणि पावसात खांबावरच्या चिनी मातीच्या चिमण्या भिजल्या की ती दुप्पट. वर शेजारच्या स्टेशनाची शीळ आणि सतत चालणारं फसफस. कान हे सगळं झेलत राहतो, आणि अर्ध्या तासात डोकं भणभणतं.

म्हणून मास्तरांनी वेगळं खोकं केलं होतं. फणसाच्या फळ्यांचं, आत चार इंची कागदी पडद्याचा ८ ओहमचा स्पीकर. रेडिओच्या इअरफोनच्या भोकात त्याची पिन घातली की रेडिओचा स्वतःचा स्पीकर गप्प व्हायचा आणि आवाज खोक्यातून यायचा. वाटेत दोन अडथळे होते. पहिला कपॅसिटरचा. १०० मायक्रोफॅरडचे दोन, उण्याला उणे जोडून केलेले, म्हणजे मिळून ५०. ते गुरगुर अडवत. दुसरा तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याचा. ही तार कणकवलीच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून मागून आणलेली, दोऱ्याच्या लाकडी रिळावर गुंडाळलेली. ते वेटोळं शीळ आणि फसफस अडवायचं आणि त्यातूनही जे निसटे ते स्पीकरला समांतर जोडलेला छोटा कपॅसिटर परस्पर जिरवून टाकायचा. ना बॅटरी, ना दिवा. आंब्याचा रस चाळणीतून काढावा तितकं साधं काम. वेटोळ्यावर एक खटका होता. त्याने गाळणी अरुंद किंवा रुंद करता यायची.

तारेच्या संकेतांसाठी तर त्याहून गमतीचं साधन होतं. लहानशा स्पीकरवर कळकाचं १२ सेंटिमीटरचं नळकांडं चिकटवलेलं. एका बाजूने बंद नळीत तिच्या लांबीच्या चौपट लाटेचा सूर घुमतो, म्हणजे इथे साधारण ७०० हर्ट्‌झचा. सेटचा सूर त्यावर लावला की बाकीची गर्दी मागे पडे आणि एकच स्टेशन बासरीसारखं पुढे येई. हल्ली हेच काम सेटमधली चिप आकडेमोड करून करते. मी वापरून पाहिलंय. काम चोख होतं, पण माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. मला अजून कळकच बरा वाटतो. असो.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. मी तेव्हा नववीत होतो. आमच्या भागातली किती माणसं आखातात होती ते घरांच्या नव्या कौलांवरून मोजता येई. वरच्या वाडीतल्या काकीचा एकुलता मुलगा कुवेतला ड्रायव्हर. पत्रं बंद झाली, तार जाईना. काकी पडवीत आली ती काखेत रेडिओ घेऊनच. मुलानेच दोन वर्षांपूर्वी आणलेला, चकचकीत जपानी.

"मास्तर, ह्यो नुसतो खरखरता. माझ्या झिलाचा काय सांगतत ता माका कळाक होया."

तुमच्या मशीनवरून त्याला निरोप धाडा, असंही ती म्हणाली. मास्तरांनी मान हलवली. हौशी परवान्यावर तिऱ्हाइताचा निरोप परदेशात पाठवायला मनाई होती. कायद्याचं हे बोलणं काकीला कितपत पटलं कोण जाणे. मास्तरांनाही ते बोलताना जड गेलं असावं, कारण पुढे काही न बोलता त्यांनी तिचा रेडिओ आपल्या खोक्याला जोडला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पडवी भरायची. बीबीसीची हिंदी बातमी लागायची, बाहेर पाऊस कोसळत असायचा. काकीला हिंदी बेताचंच कळे. ती एकच शब्द धरून बसायची, अम्मान. कुवेतमधली आपली माणसं बगदादवरून वाळवंट ओलांडून जॉर्डनमध्ये अम्मानला पोचतायत आणि तिथून एअर इंडियाची विमानं त्यांना मुंबईला आणतायत, एवढं सगळ्यांना ठाऊक झालं होतं. पुढे ऑक्टोबरपर्यंत लाखावर माणसं अशी परत आली. 'अम्मान' ऐकू आलं की काकी पदर नीट करायची, जसं कुणी दारात आलंय.

एका संध्याकाळी भयंकर खरखर होती. मास्तरांनी खटका अरुंदवर टाकला आणि आवाज एकदम स्वच्छ झाला. त्या स्वच्छ आवाजात बातमी आली, सरहद्दीवर बसगाड्या पोचल्या.

"सात!" मी म्हणालो.

"साठ," मास्तर म्हणाले.

पडवीत दोन तट पडले. सात आणि साठ यांत मोठा फरक होता. सात गाड्यांत किती माणसं मावणार? काकी एकदा माझ्याकडे, एकदा मास्तरांकडे पाहत होती. मास्तर मात्र माझ्याकडे न बघता खोक्याकडे बघत होते.

"त आणि ठ यांतला भेद वरच्या आवाजात असतो," ते शेवटी म्हणाले. "गाळणी फार आवळली की खरखरीबरोबर तोही गेला. मग उरतं त्यात ज्याने त्याने आपल्या मनातलं ऐकायचं. मी साठ म्हणालो ते ऐकून म्हणालो की हिच्यासाठी म्हणालो, मलाच सांगता येणार नाही."

इतकं प्रामाणिक उत्तर मी मोठ्या माणसाकडून तोवर ऐकलं नव्हतं. काकी उठली नाही. रात्रीच्या बातम्यांपर्यंत थांबली. माझ्या आईने तिला पेज आणून दिली, ती तशीच निवली. रात्री मास्तरांनी खटका रुंदवर टाकला. फसफस परतली, शीळ परतली, दोघं-तिघं वैतागून उठून गेले. आम्ही उरलेले खोक्याला कान लावून बसलो, आणि त्या सगळ्या गदारोळातून शब्द आला. साठ. ठ चांगला ठणठणीत.

"साठ गाड्यांत माझ्या झिलाक एक जागा गावतलीच," काकी म्हणाली, आणि पावसातच घरी गेली.

तो आला सप्टेंबर संपता संपता, दुपारच्या एसटीने. हातात एक प्लास्टिकची पिशवी, बाकी सगळं तिकडेच राहिलेलं. पण घरावरचं कर्ज इकडेच होतं. कुवेत सुटल्यावर, १९९१ मध्ये, तो पुन्हा गेला.

तो गेला त्या आठवड्यात काकी मास्तरांकडे आली. "ता खोका माका देवा," म्हणाली. पैसे देऊ लागली, मास्तरांनी घेतले नाहीत. मला त्यांनी पकड धरायला बसवलं, पाठची फळी काढली, खटका उपटून बाहेर टाकला आणि तारा कायमच्या रुंद बाजूला डाखल्या.

"खरखर येईल," त्यांनी तिला सांगितलं.

"येवंदे," काकी म्हणाली, आणि खोकं पदराखाली घेऊन घाटी चढायला लागली.