विषुववृत्तावरचा न्हावी

विषुववृत्त ही पृथ्वीच्या पोटावरून जाणारी एक काल्पनिक रेषा आहे, असं आमच्या भूगोलाच्या पुस्तकात छापलेलं होतं. त्या पुस्तकातल्या बऱ्याच गोष्टी मला काल्पनिकच वाटत असल्यामुळे या रेषेला मी काही वेगळी वागणूक दिली नाही. परीक्षेपुरती पाठ केली आणि सोडून दिली. पण जगात एक जमात अशी आहे, की जी या न दिसणाऱ्या रेषेला घराच्या उंबरठ्यासारखी मानते. पहिल्यांदा ओलांडणाऱ्याला अडवते, त्याच्यावर खटला भरते, त्याची हजामत करते, त्याला पाण्यात बुचकळून काढते आणि मग म्हणते, "या, बसा!" ही जमात म्हणजे दर्यावर्दी लोक.

माझा धाकटा मेव्हणा व्यापारी जहाजावर अधिकारी होता. परीक्षा पास झाल्याचे त्याचे कागद ट्रंकेच्या तळाशी आणि विषुववृत्त ओलांडल्याचं सर्टिफिकेट मात्र दिवाणखान्यात, काच लावून! त्यावर दाढीवाला राजा, हातात त्रिशूळ, आजूबाजूला मासे आणि अपुऱ्या कपड्यांतल्या मत्स्यकन्या. मजकूर असा, की सदरहू इसम आमच्या दरबारात रीतसर दाखल झालेला असून यापुढे शार्क, देवमासे, खेकडे इत्यादी प्रजाजनांनी त्याला उपद्रव देऊ नये.

"हा नेपच्यून म्हणजे कोण रे? तुमचा मोठा साहेब का?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"समुद्राचा देव, आई."

"मग आपला वरुण कुठे गेला?"

"त्याची हद्द मुंबई बंदरापर्यंत."

यावर सासूबाईंनी "टवाळ मेले!" एवढाच शेरा मारला, पण नारळी पौर्णिमेला समुद्रात टाकायच्या नारळांत त्या वर्षी एक जास्तीचा होता, असं आमची ही सांगते.

विधी ऐकण्यासारखा आहे. ज्यानं रेषा ओलांडलेली नाही तो 'पॉलीवॉग', म्हणजे बेडूकमासा. ओलांडली की 'शेलबॅक'. पाठीला कवच आलेला, मुरलेला गडी. आदल्या संध्याकाळी डेव्ही जोन्स नावाचा दूत येऊन समन्स बजावतो. दुसऱ्या दिवशी डेकवर राजेसाहेब अवतरतात. दाढी काथ्याची, मुकुट पत्र्याचा. शेजारी राणीसाहेब अँफिट्राइटी. या बहुधा इंजिनखोलीतल्या मिशाळ गृहस्थ असतात आणि त्यांचा केशसंभार म्हणजे फरशी पुसायचा कुंचा. मग खटला. आरोप म्हणजे, 'हा इसम जेवणाच्या घंटेला सर्वांत आधी हजर असतो,' अशा तोडीचे. आरोपीला वकील मिळतो, पण तो फितूर असतो. शिक्षा आधीच ठरलेली. डॉक्टर तिखट आणि साबणाची गोळी देतो, न्हावी चुना लावायच्या ब्रशानं तोंडाला खळ फासतो आणि हातभर लांबीच्या लाकडी वस्तऱ्यानं ती खरवडतो. मग फळी कलते आणि आरोपी उलटा समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या ताडपत्रीच्या हौदात.

या हौदाच्या पाण्यानं मोठमोठी माणसं पवित्र केली आहेत. १५२९ साली पार्मांतिए बंधूंची फ्रेंच गलबतं सुमात्राकडे जाताना विषुववृत्तावर पन्नासेक खलाशांना 'नाइट' करण्यात आलं होतं. १७६८ साली कॅप्टन कुकच्या 'एंडेव्हर'वर बुडवायच्या मंडळींची जी यादी झाली तिच्यात जहाजावरची कुत्री-मांजरंसुद्धा होती. नको असेल त्यानं चार दिवसांची दारू दंड म्हणून सोडायची. जोसेफ बँक्स हे निसर्गशास्त्रज्ञ श्रीमंत. त्यांनी स्वतःची, नोकरांची आणि कुत्र्यांची ब्रँडी देऊन सुटका करून घेतली. मांजरांचं काय झालं ते इतिहासाला विचारू नये.

१८३२ च्या फेब्रुवारीत 'बीगल' जहाज रेषेवर आलं, तेव्हा सर्वांत आधी ज्याला डोळे बांधून आणलं त्या तेवीस वर्षांच्या पोराचं नाव चार्ल्स डार्विन. त्याच्या तोंडाला डांबर आणि रंग फासला, खडबडीत लोखंडी पट्टीनं खरवडला आणि दिला पाण्यात ढकलून. प्राण्यांच्या उत्क्रांतीचा सिद्धांत पुढे मांडणाऱ्या माणसाला बेडूकमाशाच्या पायरीवरून जातीनं जावं लागलं, याहून शास्त्रीय गोष्ट कुठली? १९३६ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 'इंडियानापोलिस' या युद्धनौकेवरून दक्षिण अमेरिकेला निघाले, तेव्हा नेपच्यूनच्या दरबारात तेही हजर झाले.

हे सगळं ऐकून आम्ही हसतो, पण समुद्र ओलांडणाऱ्याला पाण्यात बुचकळण्याची चाल आपल्याकडे नव्हती असं कुणी समजू नये. फरक एवढाच, की त्यांच्याकडे जाताना बुचकळत, आपल्याकडे परत आल्यावर. समुद्रोल्लंघन हे पाप. म्हणून प्रायश्चित्त, पंचगव्य, स्नान, जातभोजन. मोहनदास गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले तेव्हा त्यांचे वडील बंधू त्यांना थेट नाशकाला घेऊन गेले, गोदावरीत स्नान घातलं आणि पुढे राजकोटला जातीला जेवण दिलं. म्हणजे तोंडात काहीतरी नको ते जायचं, वर पाणी पडायचं आणि मग पंगतीत जागा मिळायची. दोन्हीकडचा कार्यक्रम जवळजवळ एकच. पण तिकडे पाण्यातून वर आलेल्याला म्हणत, "तू गेलास, म्हणून आमचा." इकडे म्हणत, "गेलास ते आम्ही विसरलो, म्हणून आमचा." इकडे सर्टिफिकेट मिळत नसे ते त्यामुळेच.

दर्यावर्दींना हे सुचलं कशातून? विषुववृत्ताजवळ वारा पडतो. शिडांच्या काळात जहाजं तिथे दिवसेंदिवस अडकून पडत. शिडं सुकत घातलेल्या धोतरासारखी लोंबलेली, प्यायचं पाणी घटत चाललेलं, डोक्यावर सूर्य आणि हाताला काम नाही. रिकाम्या माणसाच्या डोक्यात काय काय येतं हे कुठल्याही सरकारी कचेरीत बघता येईल. इथे तर चहूकडे समुद्र. अशा वेळी एक दिवस जहाजाची उतरंड उलटी करायची. भांडी घासणारा राजा आणि साहेब आरोपी. 'बीगल'वर त्या दिवशी कॅप्टन फिट्झरॉयसुद्धा कोरडा राहिला नव्हता. पुष्कळ लोक या चालीला मूर्खपणा म्हणतात हे त्यालाही माहीत होतं. पण तयारी करणाऱ्या खलाशांच्या मनावर तिचा काय परिणाम होतो ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळायचं नाही, असं त्यानं लिहून ठेवलं.

२००९-१० साली आपले कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या होडीतून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. मला पहिली शंका आली ती ही, की एकट्यानं रेषा ओलांडायची तर न्हावी कोण आणि गिऱ्हाईक कोण? विधीला दुसरा माणूस लागतोच.

आणि सगळी भानगड या दुसऱ्या माणसापाशीच आहे. त्याच्या हातात वस्तरा आला की तो लाकडाचा आहे हे तो विसरतो. "मला केलं, आता मी करणार," हे तत्त्व आपल्या सासवांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलं आणि कॉलेजच्या वसतिगृहांनीही. शेवटी महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगविरुद्ध कायदाच करावा लागला. समुद्रावरही तेच. १९९५ साली ऑस्ट्रेलियाच्या एका पाणबुडीवरच्या अशा सोहळ्याची फिल्म टेलिव्हिजनवर दाखवली गेली आणि लोकांना हसू यायचं बंद झालं. एका माणसाला बाकीच्यांनी मिळून छळणं, एवढंच त्यात उरलं होतं. आरमारांनी मग नियम कडक केले. पण चेष्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, ती रेषा तर विषुववृत्ताहूनही काल्पनिक! तिचे अक्षांश कुठल्या नियमात लिहिणार?

मेव्हण्याला हे मी एकदा विचारलं. त्यानं नियम सांगितला नाही, १९८३ सालची एक हकिगत सांगितली.

जहाज मुंबईहून दक्षिणेला निघालेलं. तो थर्ड ऑफिसर आणि यंदा न्हावी. नेपच्यून म्हणजे रत्नागिरीकडचे सारंग, साठीला टेकलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. बेडूकमासे तिघं, त्यांतला एक कॅडेट एकोणीस वर्षांचा, साताऱ्याकडचा. तिसऱ्या दिवशी रेडिओ ऑफिसरकडे तार आली. त्या पोराचे वडील गेले. जहाज काही मागे वळत नाही. कॅप्टननं त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, दोन दिवस कामातून मोकळं केलं. पाचव्या दिवशी रेषा. दरबार रद्द करावा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, तर हा पोरगा स्वतःच डेकवर येऊन उभा.

"सर, न्हावी तुम्हीच ना?" त्यानं मेव्हण्याला विचारलं. "मग हा खोटा वस्तरा ठेवा. दहाव्याला आपण कुठे असू ठाऊक नाही. माझं डोकं करून द्या."

कुणी काही बोललं नाही. चाचांनी काथ्याची दाढी काढून कठड्यावर ठेवली आणि आपल्या केबिनमधून स्वतःचा दाढीचा वस्तरा आणून दिला. मेव्हण्यानं जन्मात कुणाची हजामत केली नव्हती. हात थरथरत होते. तेव्हा चाचांनी पोराचं डोकं दोन्ही हातांत धरलं. भंडाऱ्यानं पाणी गरम करून आणलं. डोकं झालं. पोरगा आपणहून हौदात उतरला, तीन बुड्या मारल्या, वर आला.

"मग?"

"मग काय, चाचा उतरले. नंतर मी. राणीसाहेब लुगड्यासकट. पंधरा-पंधरा वर्षं दर्यावर काढलेले सगळे एकामागून एक उतरून डोक्यावरून पाणी घेऊन आले. स्मशानातून आल्यावर आपण आंघोळ करतोच की."

त्याला सर्टिफिकेट दिलं का, असं मी विचारलं. दिलं म्हणाला. शार्क आणि देवमाशांच्या मजकुराखाली चाचांनी नेपच्यून म्हणून सही केली, आणि पोरानं ती घडी वडिलांच्या तारेबरोबर पाकिटात ठेवली.

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, पदरानं डोळे पुसले, सर्टिफिकेटाच्या काचेवरची धूळही त्याच पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "आणि ती दाढी रे? टाकून दिलीत?"

"छे! सुकत घातली. परत येताना तीच रेषा लागते, आई. तिकडून दोन नवे बेडूकमासे चढले होते."