माणशी ४०० आणि येळवस

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशा चार जिल्ह्यांची पोरं येतात. आमच्या एम. ए.च्या वर्गात मात्र पक्ष दोनच, नांदेडवाले आणि लातूरवाले. परभणी-हिंगोलीची पोरं ज्याचा चहा त्याच्या बाजूला. २०१६च्या दसऱ्यानंतर वर्गाच्या गॅदरिंगची बैठक बसली, तेव्हा नांदेडवाल्यांना गावातलं मंगल कार्यालय, डीजे आणि पनीर हवं होतं. लातूरवाल्यांचं म्हणणं, असले हॉल आमच्या औसा रोडला ढिगानं आहेत. शेवटी नांदेड ठरलं. वर्गणी माणशी ४००. वर्गातली सगळ्यात कडक मुलगी खजिनदार झाली आणि तिनं दिवाळीच्या सुट्टीआधी पैसे गोळाही केले. बहुतेकांनी ५००ची नोट देऊन शंभर परत घेतले होते.

८ नोव्हेंबरच्या रात्री त्या नोटा बाद झाल्या.

खजिनदारीण रांगेत उभी राहून पैसे स्वतःच्या खात्यावर भरून आली. भरणं सोपं होतं, काढणं अवघड. एटीएमला ‘कॅश नाही’चा कागद, बँकेत नंबर लागेपर्यंत गल्ला रिकामा आणि मिळालीच तर २०००ची नोट, जिचे सुट्टे कुणी देईना. हॉलवाला रोख मागत होता. गॅदरिंग तिथंच संपलं असं सगळ्यांनी मनोमन धरलं होतं.

तेव्हा औशाकडचा एक मित्र म्हणाला, “हॉल जाऊ द्या. आमच्या रानात या येळवशीला.”

येळवस म्हणजे वेळा अमावास्या, मार्गशीर्षातली अमावास्या. लातूर-धाराशिवकडं दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, पुण्याला गेलेली माणसं गावी येतात आणि लातूर शहर दुपारी ओस पडतं, कारण सगळे रानात. आम्हा नांदेडच्या शहरी पोरांना हे ऐकूनच माहीत. पण एका घरच्या सणाला अख्खा वर्ग घेऊन जायचं कसं? खजिनदारीण म्हणाली, खर्चाचा हिशोब काढू, पैसे निघाले की देऊ. मित्रानं घरी फोन लावला. पलीकडून त्याच्या आईचा आवाज सगळ्यांनी ऐकला, “पैसे घेऊन येळवस करतेत का कुणी? या म्हनावं लेकरांना.”

मग नियोजनच बदललं. पैसे चालत नव्हते, तर वस्तू. अर्धापूरच्या मुलानं केळीचे घड आणले, परभणीकडच्या मुलीनं ज्वारीचं पीठ, कुणी गूळ, कुणी शेंगदाणे. आम्ही काही जण आदल्या दिवशी लोहा-अहमदपूर रस्त्यानं एसटीत उभ्यानं लातूरला गेलो. याच लातुरात त्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती आणि एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. नंतर पाऊस असा झाला की डिसेंबरात तूर डोक्याच्या वर गेलेली.

रात्री मित्राच्या घरात कुणी आम्हाला पाहुणे म्हणून बसू दिलं नाही. त्याच्या आईनं, आमच्या मावशींनी, पुढ्यात सूप टाकलं आणि म्हणाल्या, “सोला.” हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे ओले दाणे, वाल. जे मंगल कार्यालयात वाढप्याला हाक मारून बसले असते, ते मध्यरात्रीपर्यंत मेथी निवडत होते. माणशी वर्गणी भरली की प्रत्येक जण गिऱ्हाईक होतो आणि जेवणाला नावं ठेवायचा हक्क विकत घेतो. इथं नावं कुणाला ठेवणार? दाणे आपणच सोललेले.

सकाळी बाकीचा वर्ग आला. रानात कडब्याची कोप, आत रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, शेजारी आंबिलाची बिंदगी. पूजेनंतर शेतात आंबील शिंपडत फिरायचं, त्यासाठी मित्राच्या काकांनी नांदेडवाल्यांनाच पुढं काढलं. मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबट भात. चिंचेचा कोळ आणि बेसन लावलेली ती भज्जी खाऊन पनीरवाले गप्प झाले. तेवढ्यात बांधावरून जाणारी अनोळखी माणसंही हाका मारून पंगतीत बसवली गेली. आमची खजिनदारीण सवयीनं माथी मोजत होती, तिनंही तो नाद सोडला.

फिशपॉण्ड मात्र आम्ही सोडले नव्हते. माईक नाही, म्हणून एक जण बैलगाडीवर चढून एकमेकांवरच्या निनावी टोमण्यांच्या चिठ्ठ्या वाचत होता. मित्राच्या आजीला कुणीतरी हा प्रकार समजावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तोंडावर बोलायला काय होतंय मग?” त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फिशपॉण्ड तोच.

जानेवारीत पैसे खात्यातून निघाले. निम्म्यांनी परत मागितले, निम्म्यांनी सेंड-ऑफला ठेवा म्हटलं. वाद फेब्रुवारीभर चालला आणि उन्हाळ्यात सेंड-ऑफ झालाच, नांदेडलाच, हॉलमध्ये, डीजेसकट. पनीर मिठाला कमी होतं, हे लातूरवाल्यांनी परीक्षा संपेपर्यंत ऐकवलं.