कंदिलाची एकच बाजू



मी तुमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी. यंदाच्या भित्तिपत्रकासाठी 'इंग्रजीचा अभ्यास आणि माझी जागा' या विषयावर चार ओळी लिहून द्या, असा बाईंचा निरोप आला. चार ओळींत हे मावणार नाही. बाईंनी खाली आणखी एक कागद चिकटवावा, ही विनंती.

तुम्हाला इंग्रजी पहिलीपासून आहे. २००० सालापासून तसे झाले. आमच्या वेळी ते पाचवीला सुरू होई. मी १९७८ साली पाचवीत गेलो आणि पहिल्याच चाचणीत इंग्रजीत पंचवीसपैकी चार गुण मिळवले. गुरुजी छडी काढतील असे वाटले होते. त्यांनी माझी वही उलटसुलट पाहिली आणि एवढेच विचारले, "घरी अभ्यासाला कुठं बसतोस?"

"कुठंबी, गुरुजी."

"मग तिथंच घोडं पेंड खातंय. जो कुठंबी बसतो, त्याचं अक्षरबी कुठंबी बसतं."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, कारण ते खरेच होते. कधी उंबऱ्यावर, कधी आजोबांच्या बाजेवर, कधी पोत्यावर पालथे पडून मी लिहीत असे. इंग्रजीच्या वहीला चार रेघा असतात, बाहेरच्या दोन तांबड्या आणि आतल्या दोन निळ्या. माझी अक्षरे या चारी रेघांवरून सुटलेल्या करडांसारखी उड्या मारीत.

घरी येऊन मी आक्काला सांगितले, मला जागा पायजे. आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिची शाळा चौथीलाच सुटली होती. माझ्या पाठच्या बहिणीला सांभाळायला घरात कोणीतरी हवे होते, म्हणून. म्हणजे इंग्रजी सुरू व्हायच्या बरोबर एक वर्ष आधी ती घरी बसली. हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आले नाही.

आमचे घर दोन खणांचे. त्यात माणसे सात, एक शेळी आणि दाण्याची कणगी. आक्काने पडवीतला कणगीमागचा कोपरा निवडला. तिथे मोडकी पाभर, फाटके बारदान आणि कोंब फुटलेले कांदे पडले होते. तिने ते सगळे हलवले, कोपरा झाडला, शेणाने सारवला आणि भिंतीला पांढऱ्या मातीचा हात दिला. दुकानदाराकडून चहाचे रिकामे लाकडी खोके मागून आणले आणि वर आलेले खिळे दगडाने ठोकले. ते खोके पालथे घातले की झाले मेज! पण मांडी घालून बसल्यावर ते छातीशी येई आणि कोपर वर उचलून हात भरून येई. "विंग्रजी शिकून काय कलेक्टर व्हायचंय का?" असे आदल्या दिवशी म्हणणाऱ्या आमच्या वडिलांनी रात्री न बोलता करवत घेतली आणि ते खोके चार बोटे कापून दिले.

भिंतीत कोनाडा होताच. त्यात शाईची दौत, टाक, शिसपेन्सिल आणि टिपकागद. इंग्रजीच्या पुस्तकाला जुन्या वर्तमानपत्राचे कव्हर. गुरुजींनी बजावले होते, की लिहिताना लागेल ते सगळे हाताच्या अंतरावर पाहिजे. पेन्सिल शोधायला उठलेला मुलगा पुन्हा बसत नाही. हे मी पुढे माझ्या मुलांच्या बाबतीतही पाहिले. (त्यांना चांगले टेबल-खुर्ची घेऊन दिली होती. त्यावर कायम वाळलेले कपडे असत.) कंदील डाव्या हाताला ठेवायचा, हेही गुरुजींचेच. उजव्या हाताने लिहिताना उजेड उजवीकडून आला, की आपल्याच हाताची सावली अक्षरावर पडते.

आम्ही घरातल्या वस्तूंना खळ लावून इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्याही चिकटवल्या. दाराची चिठ्ठी शेळीने खाल्ली. बहुतेक खळीची चव आवडली असावी.

घरात कंदील एकच. रॉकेल रेशनवर मिळे, ते पुरवून वापरावे लागे. रोज संध्याकाळी आक्का राखेने काच घासून लखलखीत करी आणि वात कात्रीने सारखी कापी. वात तिरकी राहिली की काच एका अंगाने काळी पडते. मग त्याच उजेडात मी खोक्याच्या या बाजूला लिहीत असे आणि ती समोरच्या बाजूला बसून कधी डाळ निवडी, कधी वाकळ शिवी. मी अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने म्हणे, ती आपले काम करी. असे तीन महिने गेले.

दिवाळीच्या सुट्टीत एके रात्री मी पाणी प्यायला उठलो. परत येतो, तर आक्का माझ्या जागेवर बसून पुस्तक वाचत होती. एकेका अक्षरावर बोट ठेवून हळूहळू नावे घेत होती. पण पुस्तक उलटे धरलेले! मी पुस्तक काढून घेतले, सुलटे केले आणि विचारले, "हे काय?" तिने छोट्या पी-ला डी म्हटले. क्यू-ला बी म्हटले. यू-ला एन म्हटले.

मला हसू आवरेना. मी आईला हाक मारली, आजीला हाक मारली, "आक्काला उलटं विंग्रजी येतंय!" म्हणून सगळ्यांना सांगितले. सगळे हसले. आक्का उठली, कंदिलाची वात थोडी खाली केली आणि आत चुलीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी काच घासलेली होती, कोपरा झाडलेला होता. पण रात्री आक्का समोर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चुलीच्या विस्तवाच्या उजेडात ती डाळ निवडत होती.

मी एकटाच बसलो होतो. सहज म्हणून उठलो आणि खोक्याच्या पलीकडे तिच्या जागी जाऊन बसलो. वही तशीच होती. तिकडून पाहिले, तर माझे डी हे पी झालेले, बी-चे क्यू झालेले, एन-चे यू झालेले. ओ, एस, एक्स आणि झेड तेवढे जसेच्या तसे. म्हणजे आक्काने एकही चूक केली नव्हती. तिला जशी दिसली तशी तिने सगळी अक्षरे पाठ केली होती, डाळीतले खडे वेचता वेचता. मला मात्र समोर बसून, सरळ पाहून पंचवीसपैकी चार!

त्या रात्री मी खोके भिंतीपासून ओढले आणि आडवे लावले. दोघांना शेजारी शेजारी बसता येईल एवढे बारदान अंथरले. कंदील डावीकडे सरकवून थोडा पुढे ठेवला. मग आत जाऊन म्हणालो, "आक्के, डाळ हिकडं घेऊन ये." ती लगेच आली नाही. माफी मागायची रीत मला ठाऊक नव्हती. मी वही घेऊन चुलीपाशी गेलो आणि म्हणालो, "माझा पी रेघेत बसत न्हाई. जरा बघ की."

ती आली. बराच वेळ वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आरं, ह्या चार रेघा म्हंजे घरच की. ए, सी, ई माजघरात बसतात. बी, डी, एच माळ्यावर चढतात. आन् तुझा पी पेवात उतराय पायजे, त्यो माळ्यावर काय करतोय?"

गुरुजींनी हे फळ्यावर दहा वेळा दाखवले असेल. मला ते त्या रात्री कळले. वार्षिक परीक्षेत मला शंभरपैकी एकसष्ट गुण पडले. आक्काची परीक्षा कोणी घेतली नाही.

१९८१ साली आक्काचे लग्न झाले. मी तेव्हा हायस्कुलात होतो. महिन्याभरात कणगीमागे पुन्हा बारदान आले, कांदे आले, कंदिलाची काच एका अंगाने काळी पडू लागली. इतके दिवस पाहुण्यांना मी 'माझी अभ्यासाची जागा' म्हणून तो कोपरा दाखवत असे. राख घेऊन काच घासायला बसलो, तेव्हा दोनदा बोट कापले.

तिचे पहिले पत्र पावसाळ्यात आले. मजकूर मराठीत, सगळे खुशाल. पत्ता मात्र इंग्रजीत, सुट्या सुट्या अक्षरांत, पिनकोडासह. 'पोस्ट' या शब्दाला तिने छोटा पी घातला होता. तिथे खरे म्हणजे मोठा हवा. पण कार्डावर रेघा नसतानाही त्याचा पाय बरोबर पेवात उतरला होता.