आहेराची वही

‘फुकट’ या शब्दाला मराठीत कधीच प्रतिष्ठा लाभली नाही. मोल न देता मिळाले तेही फुकट आणि वाया गेले तेही फुकट. कळव्यातील आमच्या लहानशा वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे, ग्रंथनोंदणीसाठी विनामूल्य मिळणारी संगणकप्रणाली स्वीकारावी असा प्रस्ताव मी ठेवला, तेव्हा सभासदांच्या मुद्रेवर जी शंका उमटली ती याच शब्दाच्या पोटातून आलेली होती. वस्तुतः अनुभवाचा दाखला उलट बाजूचा होता. काही वर्षांपूर्वी रोख रक्कम मोजून एका विक्रेत्याकडून आम्ही जी आज्ञावली घेतली होती, तिचा कर्ता एके दिवशी दुकान आवरून निघून गेला. त्याचा दूरध्वनी मूक झाला, आणि त्याच्या खास टंकात भरलेल्या आमच्या हजारो नोंदी अशा बंदिस्त झाल्या की, ‘ययाति’च्या जागी पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टक्केचिन्हे यांचा नुसता केर दिसू लागला. त्या टंकात मराठी अक्षर म्हणजे रोमन अक्षराला चढवलेला मुखवटा होता. टंक हरवला, मुखवटा गळाला. मोल दिले होते, आणि तरीही सारे फुकट गेले होते.

विनामूल्य प्रणालीचे नाव ‘कोहा’. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या जिल्ह्याच्या ग्रंथालयांपुढे 1999 साली असा पेच उभा राहिला की, त्यांची जुनी यंत्रणा 2000 साल उजाडताच तारखांचा घोळ घालणार होती. तेव्हा नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी कटिपो नावाच्या एका छोट्या कंपनीकडून ती लिहवून घेतली, जानेवारी 2000 मध्ये कामाला लावली, आणि पुढे तिची मूळ संहिता कोणालाही घेता यावी, तपासता यावी, बदलता यावी अशी खुली करून टाकली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे पाहुण्याने यजमानाकडे न्यावयाची भेट, आणि त्या भेटीत परतफेडीची जाण गृहीत धरलेली असते. हा अर्थ वाचला तेव्हा मला घरातील लग्नाच्या आहेराची वही आठवली, जिच्यात कोणी पातळ दिले, कोणी पाच रुपये दिले याची नोंद आई इतक्या काटेकोरपणे ठेवी की, पुढील वीस वर्षांत कोणाच्या घरी काय न्यावयाचे हे त्या वहीनेच ठरवावे. मंडळापुढे दुसऱ्या सभेत मी ‘फुकट’ हा शब्द टाळला आणि ‘आहेर’ हा शब्द वापरला. प्रस्ताव मंजूर झाला. (शब्दाच्या निवडीने झाला की खजिनदारांच्या शिलकेकडे पाहून झाला, याची चौकशी मी केली नाही.)

मात्र आहेराची परतफेड श्रमाने करावी लागते, हे कामाला बसल्यावर कळले. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक टाकावा आणि परदेशातील मोठ्या ग्रंथालयाची तयार नोंद आपल्या पेटीत येऊन पडावी, ही सोय इंग्रजी पुस्तकांपुरती खरीच विलक्षण आहे. परंतु 1970 च्या आधीच्या पुस्तकाला तो क्रमांक असणेच शक्य नाही, आणि आमच्या कपाटांतील निम्मी प्रजा त्या काळातील. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मराठी पुस्तके भरपूर आहेत आणि त्यांच्या नोंदीही विनासायास उतरवून घेता येतात. पण त्या बहुधा रोमन लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर आडव्या रेघा आणि पायाशी टिंबे घेऊन येतात. त्या नोंदींची विद्वत्ता मान्य करूनही, खारेगावाहून रिक्षाने येणाऱ्या आमच्या वाचकाने त्या लिपीत ‘ययाति’कार खांडेकरांना शोधावे अशी अपेक्षा मला करवत नाही. सबब नोंदी आम्हीच हाताने देवनागरीत भरल्या.

आणि तेथे देवनागरीने आपले खरे रूप दाखविले. पु. ल. देशपांडे यांचे ‘वाऱ्यावरची वरात’ आमच्याकडे आहे हे मला जसे माझे नाव ठाऊक असावे तसे ठाऊक होते. तरीही एका संध्याकाळी शोधाच्या चौकटीत ते नाव टाकले असता यंत्राने निर्विकारपणे ‘आढळ नाही’ असा निर्वाळा दिला. दोन तास गेल्यावर उलगडा झाला तो असा : ‘वाऱ्यावरची’मधील हा अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो, एक खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून, आणि दुसरा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा एक सांधा ठेवून. कागदावर दोहोंचे रूप एकच; यंत्राच्या लेखी ती दोन निरनिराळी नावे. नोंद भरणाऱ्या मुलीने एक रीत वापरली होती, मी दुसरी. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत याच्या जोडीला अनुस्वारांचा प्रश्न. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी जे अनुच्चारित अनुस्वार निवृत्त केले, ते सारे जुन्या मुखपृष्ठांवर अद्याप आपल्या जागी ठाण मांडून बसलेले आहेत. आणि मुखपृष्ठावर आहे तसेच शीर्षक उतरवावे हा तर नोंदीचा पहिला नियम. अखेर ‘कांहीं’ हे मुख्य रकान्यात आणि ‘काही’ हे पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात, अशी तडजोड केली. अनुक्रमाचेही तसेच. आमच्या कार्डपेटीत ‘काळेपाणी’ हे ‘काहूर’च्या मागे असे, कारण ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो हे आम्ही पाटीवर गिरवले आहे, संगणकाच्या वर्णसंकेतात मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसविलेले आहे, आणि मराठी क्रम हवा असे यंत्राला वेगळे बजावल्याशिवाय तो तेथून उठत नाही.

एक गोष्ट मात्र यंत्राने माझ्यापेक्षा चांगली केली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कारशेडमधून निवृत्त झालेले आमचे एक वाचक आरती प्रभूंचे ‘जोगवा’ आणि ‘नक्षत्रांचे देणे’ पुनःपुन्हा नेत. एकदा ते म्हणाले, “ताई, ह्या माणसानं गद्य काही लिहिलं असेल का हो?” आरती प्रभू हे ज्यांचे टोपणनाव, त्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ आणि ‘रात्र काळी, घागर काळी’ या कादंबऱ्या त्यांच्या पाठीमागच्याच फळीवर होत्या. जुन्या तालिकेत अशा ठिकाणी ‘पहा’ असे लिहिलेले एक कार्ड घालीत असत. आमच्याकडील ते कार्ड कधी गहाळ झाले कोणास ठाऊक. आता लेखकनामाची एक स्वतंत्र नोंद करून दोन्ही नावे तिला जोडली की, एका नावाने शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाची वाट आपोआप दिसते. ग्रेस आणि माणिक गोडघाटे, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले : टोपणनावांची हौस ज्या वाङ्मयाला इतकी, त्याच्या ग्रंथपालाला हे साधन म्हणजे मोठाच आधार.

विश्वकोशाचे खंड, विकिस्रोतावरील जुने ग्रंथ, शिकागो विद्यापीठाने खुला ठेवलेला 1857 चा मोल्सवर्थचा शब्दकोश, हे सारे आता वाचकाला मेजावरच्या मेजावर दाखविता येते. त्याविषयी अधिक लिहीत नाही. परंतु इंटरनेट अर्काइव्हविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या उपक्रमात छायांकित झालेली असंख्य पुस्तके, त्या उपक्रमाचे स्वतःचे संकेतस्थळ बंद पडल्यावर, तेथे शिल्लक उरली आहेत. तेथे एक जुने चरित्र शोधीत असता उघडलेल्या पानावर जांभळ्या शाईचा शिक्का दिसला : मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे, स्थळप्रत. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1893 साली उभी केलेली ही संस्था माझ्या घरापासून खाडीचा एक पूल ओलांडला की येते. तिच्या फळीवरील ग्रंथ अमेरिकेतील संगणकात जाऊन पुन्हा कळव्यात माझ्यापुढे उघडला होता. सापडला तो केवळ योगायोगाने, कारण तेथील नोंदीत शीर्षके रोमन लिपीत अशा चमत्कारिक रीतीने लिहिली आहेत की, दीर्घ स्वराला दोन अक्षरे, ‘ठ’ला एक लोंबते अवतरणचिन्ह, आणि ‘मराठी’ हा शब्दच मुळी ओळखू येऊ नये. ज्यांच्या लेखकांना जाऊन साठ वर्षे उलटली, म्हणून ज्यांच्यावर कोणाचा स्वामित्वहक्क उरला नाही, अशा पुस्तकांची एक फेरिस्त मी सध्या देवनागरीत करीत आहे : नाव, कर्ता, आणि ते पान नेमके कोठे उघडते त्याचा पत्ता. रोज चार-पाच नोंदी होतात. पाऊस फार असला आणि वाचक कमी आले तर दहा. अन्य एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी ती मागितली, तेव्हा आहे तशी अर्धीच पाठविली. त्यांनी तीन चुका दुरुस्त करून परत धाडली.

आमच्या यंत्रावरील इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द बसविण्याचे काम अद्याप चालू आहे. पुस्तके देण्या-घेण्याच्या विभागाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यासाठी मदतीला आलेल्या एका तरुणाने कोशातून ‘अभिसरण’ असा शब्द काढून दिला. तो रक्ताला शोभतो. मी कपाटाच्या खालच्या खणातून जुनी वही काढली. तिच्या पुठ्ठ्यावर, माझ्याही आधीच्या कोणा ग्रंथपालाच्या वळणदार अक्षरात, शाईने लिहिले होते : देवघेव. तोच शब्द पडद्यावर घातला.